मेरी मॅकिलॉप : बहिष्कारापासून संतपदापर्यंत

१/ २२ सप्टेंबर १८७१. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे बिशप लॉरेन्स शील यांनी २९ वर्षांच्या एका धर्मभगिनीला धर्मबहिष्कृत केले. तिचे नाव मेरी मॅकिलॉप. ठपका होता आज्ञाभंगाचा. मूळ वाद होता अधिकाराचा.

२/ १८६६ मध्ये पेनोला गावातील एका जुन्या तबेल्यात मेरीने गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली. फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांच्या साहाय्याने त्यातूनच धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. दोघी-तिघींनी दूरच्या वस्त्यांत राहावे, फी न परवडणाऱ्यांनाही शिकवावे, मालमत्ता बाळगू नये, हा त्यांचा नेम.

३/ संघाचा कारभार भगिनींनीच निवडलेल्या प्रमुखाकडे असावा, हा मेरीचा आग्रह होता. बिशपांना मात्र आपल्या धर्मप्रांतातील भगिनींवर स्वतःची हुकमत हवी होती.

४/ बहिष्कारानंतर अनेक भगिनी संघाबाहेर काढल्या गेल्या, अनेक शाळा बंद पडल्या. अशा वेळी इमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्याने त्यांना राहायला घर दिले. फेब्रुवारी १८७२ मध्ये मृत्युशय्येवरील बिशपांनी बहिष्कार मागे घेतला.

५/ १८७३ मध्ये मेरी रोमला गेली. तेथे संघाच्या स्वायत्ततेचे तत्त्व मान्य झाले. परंतु मालमत्ता न बाळगण्याचा नियम शिथिल करण्यात आला. वुड्स यांना हा बदल रुचला नाही आणि दोघांत दुरावा आला. संघाला अंतिम मान्यता मिळाली ती १८८८ मध्ये.

६/ १९०९ मध्ये मेरीचे निधन झाले. १७ ऑक्टोबर २०१० रोजी, ज्या चर्चने तिला बहिष्कृत केले होते त्याच चर्चने तिला संत घोषित केले. ती ऑस्ट्रेलियाची पहिली संत ठरली.