भाड्याची खोली, कॅमेरा आणि कायदा

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे सुमारे 1,300 मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण. निवासी शाळा, टेबललँड आणि स्ट्रॉबेरी ही त्याची एक ओळख. शेजारच्या महाबळेश्वरासह मधुचंद्राचे गाव ही दुसरी. शहरातील दोन खोल्यांच्या घरात न मिळणारा एकान्त येथील भाड्याच्या खोलीत मिळतो. डिजिटल तंत्रज्ञानाने मात्र या एकान्ताचे स्वरूप दोन अंगांनी पालटले आहे.

पहिले अंग सोयीचे. अविवाहित जोडप्यास प्रवेश देणारे हॉटेल मोबाइलवरून आधीच शोधता येते, त्यामुळे दारात होणारी उलटतपासणी टळते. दोन सज्ञान अविवाहित व्यक्तींनी हॉटेलच्या खोलीत एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. त्याआधी 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले होते.

दुसरे अंग धोक्याचे. छुपा कॅमेरा बंद दाराला निरर्थक ठरवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई ऑक्टोबर 2009 पासून लागू आहे. कोणाही व्यक्तीच्या गुप्तांगांचे संमतीविना चित्रण वा प्रसारण केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे कलम 77 (1 जुलै 2024 पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 354-सी) स्त्रीच्या खासगी क्षणांच्या चित्रणाबद्दल पहिल्या गुन्ह्यास 1 ते 3 वर्षे, तर पुनरावृत्तीस 3 ते 7 वर्षे कैद सांगते. चित्रणाला दिलेली संमती ही प्रसाराची संमती ठरत नाही, हेही त्यात नमूद आहे. पुरुषास मात्र कलम 77 चे संरक्षण नाही.

खोलीत असे उपकरण आढळल्यास त्याला हात न लावता छायाचित्र घ्यावे आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे. चित्रण पसरल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

खरी अडचण पुढेच आहे. तक्रार केली तर सहलीची वार्ता घरी पोहोचेल, ही भीती अनेकांना गप्प बसवू शकते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास संहितेच्या कलम 72 ने बंदी घातली आहे. त्या कलमात नमूद गुन्ह्यांत कलम 77 चा समावेश नाही. तक्रारदाराचे नाव गुप्त राहण्याची तितकीच ठाम हमी मिळाल्याशिवाय शिक्षेची तरतूद बरीचशी कागदावरच राहील.