भूगर्भांतून गळ्यापर्यंत

सूर चुकला कीं गायकानें पुन्हां गावें, हा ध्वनिमुद्रणाचा जुना शिरस्ता. त्याला मोठा धक्का बसला तो तेलाच्या शोधामुळें, हें ऐकून नवल वाटेल. अमेरिकेंतील अँडी हिल्डेब्रँड हे जमिनींत सोडलेल्या ध्वनीच्या परतणाऱ्या लहरींवरून तेलाचा ठाव घेण्याच्या गणितांत मुरलेले. तो व्यवसाय सोडून ते राइस विद्यापीठांत संगीतरचना शिकले. लहर तिच्याच मागील भागाशीं ताडून तिचें आवर्तन ओळखावयाचें, हें जुनें गणित त्यांनीं गळ्याला लावलें आणि १९९७ सालीं ‘ऑटो-ट्यून’ बाजारांत आलें. संगणकांतील ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रणालीला जोडावयाचें हें ‘प्लग-इन’; अशा जोडप्रणालींसाठीं जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें ‘व्हीएसटी’ पद्धति आदल्याच वर्षीं काढली होती.

सूर किती त्वरेनें ठिकाणावर आणावयाचा, हें ठरविण्याची सोय ऑटो-ट्यूनमध्यें आहे. सावकाश आणला तर श्रोत्याला पत्ता लागत नाहीं. आणि खरी चिंता ह्याच गुपचूप दुरुस्तीची, कारण मग दाद गळ्याला द्यावयाची कीं गणिताला? तत्क्षणीं आणला तर मींड पार नाहींशी होऊन सुरांच्या पायऱ्या पडतात. शेर ह्या गायिकेच्या १९९८ सालच्या ‘बिलीव्ह’ गीतांत हें मुद्दाम केलें होतें. निर्मात्यांनीं मात्र पुढील वर्षीं तें ‘व्होकोडर’चें काम म्हणून सांगितलें!