रानपिंगळ्याचा पुनर्शोध : ऐतिहासिक पुरावा म्हणून छायाचित्र

रानपिंगळा हा केवळ मध्य भारतात आढळणारा प्रदेशनिष्ठ पक्षी होय. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. त्या काळी पक्ष्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे मारून, पेंढा भरून जतन केलेला नमुना. खानदेशातील ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात असे नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंद मिळेना.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याचा दावा केला. पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला, पुन्हा भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला नमुना ठरला. या बनावट नोंदीने शोधाची दिशाच चुकविली होती.

अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेणाऱ्या रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तत्कालीन धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा आढळला. पक्षी न मारता, छायाचित्रणाने ११३ वर्षांनंतरचे त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

तथापि छायाचित्रही चिठ्ठीइतकेच प्रामाणिक असते. स्थळ व दिनांक यांविना ते केवळ शोभेचे ठरते. परभणी जिल्ह्यातील येलदरी जलाशयावर आज टिपलेले छायाचित्र उद्याचे दस्तऐवज व्हावयाचे असेल, तर इतिहासाच्या अभ्यासकाने साधनचिकित्सेची कसोटी त्यासही लावणे अगत्याचे आहे.