बिनपाण्याचं कूलंट

बिनपाण्याचं कूलंट म्हणजे आत्ताआत्ताचा शोध, असं समजून आमच्या चिंचवडच्या गॅरेजात येणाऱ्या मुलांना मी आधी विमानांची गोष्ट सांगतो. हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. त्या लोकांनी पाणी परत का आणलं, हे कळल्याशिवाय ड्रेन बोल्टला पाना लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोटरसायकलला पाणी तसं लवकरच मिळालं. यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ साली आपल्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या हेडभोवती पाणी खेळवलं, पुढे सिलिंडरभोवतीही. पंप नव्हताच. तापलेलं पाणी आपसूक वर रेडिएटरात चढायचं, निवलेलं खाली यायचं. स्कॉटच्या गाड्यांनी १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षं आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी जिंकली. तरी बहुतेक गाड्या पुढे कित्येक वर्षं फिनांवरच चालल्या. फिन गळत नाहीत की गोठत नाहीत.

विमानवाल्यांची अडचण वेगळी होती. वर जावं तसा हवेचा दाब घटतो आणि पाणी लवकर उकळतं. वीस हजार फुटांवर ८० अंशांच्या आसपासच. मग रेडिएटर मोठा लागतो, आणि तो वाऱ्याला अडतो. इथिलीन ग्लायकॉल उकळतं १९७ अंशांना. ते निव्वळ भरलं की इंजिन जास्त गरम चालवता येतं, रेडिएटर लहान होतो. पहिल्या स्पिटफायरमधली रोल्स-रॉईस मर्लिन इंजिनं अशीच शंभर टक्के ग्लायकॉलवर चालली.

पण ग्लायकॉल पेट घेतं, सांध्यांतून पाझरतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याच्या फार मागे आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात, ग्लायकॉलला जेमतेम २.४. म्हणून १९४० साली स्पिटफायरवर आलेल्या मर्लिन १२ मध्ये ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल होतं, आणि ते दाबाखाली ठेवलेलं. आपल्या रेडिएटर कॅपवर १.१ लिहिलेलं असतं, त्यामागे हीच युक्ती: तेवढ्या बार जादा दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे उकळतं.

मग पाणी पुन्हा का काढायचं? १९८० च्या दशकात अमेरिकेत जॅक इव्हान्स यांनी हेडमधल्या नेमक्या जागेवर बोट ठेवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ धातू इतका तापतो की लगतचं पाणी उकळून वाफेचा थर धरतं, आणि त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. १८० अंशांपुढे उकळणारा बिनपाण्याचा ग्लायकॉलचा द्रव तिथे धातूला लागून राहतो. दाब फारसा चढत नाही, नळ्यांवर ताण कमी. पाणीच नाही म्हणजे गंज नाही, क्षार नाहीत. या शेवटच्या मुद्द्यासाठी मी इव्हान्सना मानतो. बोअरचं पाणी ओतून पांढरे पडलेले पंप मी उघडत आलो आहे.

२०१२ साली चाकणची ड्यूक २०० आली, तेव्हापासून आमच्याकडे रेडिएटरच्या गाड्या वाढल्या. अशा गाडीत कूलंट बदलताना खरं काम असतं ते जुनं पाणी हुसकायचं. ते ब्लॉकमध्ये, पंपाच्या पोटात, खालच्या होजमध्ये दडून बसतं. सगळं सोडून द्यायचं, कॉम्प्रेसरने हवा मारायची, पाणी शोषणारा द्रव भरून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, तोही काढायचा. मग नवं भरून हवा काढायची आणि रिफ्रॅक्टोमीटरने तपासायचं. पाणी ३ टक्क्यांच्या वर उरलं तर सगळी मेहनत फुकट.

ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून कोणी हे मागितलं तर मी नाही म्हणतो. काटा खाली येणार नाही, उलट थोडा वर जाईल. आधी फॅन, थर्मोस्टॅट आणि चिखलाने बुजलेला रेडिएटर बघू. ट्रॅकवर जाणाऱ्यालाही नाही, कारण सांडलेलं ग्लायकॉल निसरडं असतं आणि अनेक ट्रॅकवर त्याला बंदीच आहे. ताम्हिणीत होज फुटली तर टपरीवरचं पाणी ओतून घरी येता येईल, पण नंतर सगळं पहिल्यापासून. ज्याची गाडी वर्षातले बरेच महिने कव्हरखाली उभी असते, त्याला मात्र मी आपणहून हे घाल म्हणतो, आणि रेडिएटर कॅपवर पक्क्या शाईने लिहून देतो: पाणी घालू नये.