जनुक-संपादनाचे नियमन : मावळच्या भाताच्या आधारे एक विचार

लोणावळ्यानजीक कुरवंडे येथे उगम पावून मावळातून वाहणाऱ्या इंद्रायणीचे नाव भाताच्या एका वाणास मिळालेले आहे. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून तो सिद्ध झाला व १९८७ साली प्रसारित झाला. जनुक-संपादनाच्या नियमनाचा प्रश्न समजून घेण्यास या वाणाची वंशावळ उपयोगी पडते.

आंबेमोहोर सुवासिक, परंतु उंच वाढून लोळणारा. उलट आयआर ८ ठेंगणा व अधिक उताऱ्याचा. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसारित केलेल्या आयआर ८ ला हा ठेंगणेपणा तैवानच्या एका वाणाकडून लाभला. त्याच्या मुळाशी एका जनुकातील ३८३ रासायनिक अक्षरांचा गळलेला खंड आहे, हे २००२ साली उलगडले. म्हणजे निसर्गात घडलेली एक गळती शेतकऱ्यांनी जपली व संशोधकांनी संकराने दूरवर नेली. तिच्यासाठी कोणत्याही कायद्याची अनुमती लागली नाही.

पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखाली १९८९ साली जे नियम झाले, त्यांतील 'जनुकीय अभियांत्रिकी'ची व्याख्या या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बाहेर निर्माण केलेले आनुवंशिक द्रव्य पेशीत घालणे एवढ्यावर ती थांबत नाही. आनुवंशिक द्रव्याचा अंश गाळणे वा काढून टाकणे हेही ती आपल्या कक्षेत घेते. क्रिस्पर तंत्राचा शोध २०१२ चा. अर्थात् व्याख्याकारांसमोर ते नव्हते. तथापि त्यांचे शब्द त्यास पुरून उरले.

पुढे ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ज्यांत परकीय जनुकद्रव्य उरलेले नाही अशा संपादित वनस्पतींस नियम ७ ते ११ यांतून सूट दिली. लक्षात घ्यावयाचे ते हे की, व्याख्या बदलली नाही. नियम २० मधील सूट देण्याचा अधिकार तेवढा वापरला गेला. परकीय द्रव्य उरलेले नाही याची छाननी प्रथमतः संशोधन करणाऱ्या संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीकडे आली. मे २०२५ मध्ये 'कमला' व 'पुसा डीएसटी राईस १' हे संपादित भाताचे दोन वाण केंद्र सरकारने जाहीर केले.

या सवलतीचे समर्थन निराधार नाही. निसर्गातील गळती निर्धास्तपणे खावी आणि प्रयोगशाळेतील तशीच गळती मात्र संकट मानावी, यात तर्कसंगती नाही. परंतु दुरुपयोगाचा प्रश्न याने सुटत नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे तणनाशकसहिष्णु कपाशीचे अनुमती नसलेले बियाणे जाहीरपणे पेरले गेले. बंदी तेथे निष्प्रभ ठरली. तरीही ते बियाणे ओळखता येत होते, कारण परकीय जनुक चाचणीत सापडतो. संपादित बियाण्यात अशी खूण नसते. कोणता फेरफार, कोठे झाला हे आधी ठाऊक असेल तरच तो शोधता येतो. आणि शोधूनही तो निसर्गाचा की प्रयोगशाळेचा, हे बियाणे स्वतः सांगू शकत नाही.

यास्तव नियमनाचा भर बंदीवर नव्हे, तर नोंदीवर असावा. कोणत्या मूळ वाणात कोणता फेरफार केला, याची सार्वजनिक नोंदवही असावी. चाचणीची रीत व नमुना संशोधन संस्थेहून वेगळ्या यंत्रणेकडे ठेवावा. आणि पिशवीवर त्याचा निर्देश असावा. इंद्रायणीचे आईबाप कोण, हे मावळातील शेतकऱ्यास विचारले तर कळू शकते. उद्या त्याच इंद्रायणीचे एखादे संपादित रूप बाजारात आले, तर तेही तितक्याच सहजतेने कळले पाहिजे. सूट चाचण्यांपासून मिळावी. वंशावळ सांगण्यापासून मिळू नये.