लालबागच्या दोन रांगा आणि तिसरे दार

लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी दोन रांगा लागतात. एक मुखदर्शनाची, दुसरी नवसाची. मुखदर्शनाच्या रांगेतला भाविक मूर्ती थोड्या अंतरावरून पाहतो आणि पुढे सरकतो. नवसाच्या रांगेतला थेट चरणांपर्यंत पोहोचतो. पहिलीत काही तास जातात, दुसरीत गर्दीच्या दिवशी रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. या दोन्ही रांगांचे फलक असतात. तिसऱ्या दाराचा फलक कधीच नसतो. नेते, नट, उद्योगपती, खेळाडू आणि त्यांच्या ओळखीचे लोक त्या दाराने आत येतात, निवांत छायाचित्र काढतात आणि निघून जातात.

दर भाद्रपदात तीच तक्रार ऐकू येते: लोक ढकलाढकली करतात, मध्येच घुसतात, म्हाताऱ्यांना वाट देत नाहीत, मुंबईकराला शिस्तच नाही. तक्रारीतला तपशील खरा आहे. निष्कर्ष मात्र तपासून पाहावा असा आहे. कारण रांग लावणे, ती राखणे आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारणे या तिन्ही गोष्टी गिरगाव ते दादर या पट्ट्यातील कष्टकऱ्यांनी फार पूर्वी आत्मसात केल्या होत्या. तेही देवाच्या दारात नव्हे, तर नळावर, रेशन दुकानात आणि गिरणीच्या फाटकावर.

रांगेची पहिली अट म्हणजे तीत उभे राहण्याचा सर्वांना असलेला हक्क. तो हक्क गृहीत धरता येत नव्हता. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात. याच ठरावाच्या आधारे पुढे १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह उभा राहिला. ज्याला पाणवठ्यावर पायच ठेवता येत नाही, त्याचा नंबर कितवा हा प्रश्न उद्भवतच नाही.

दादरमध्ये हाच प्रश्न १९२६ साली गणपतीसमोर आला. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी सर्व जातींकडून घेतली जाई, पूजेचा अधिकार मात्र ब्राह्मणाकडेच होता. प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांनाही पूजेचा हक्क हवा अशी मागणी लावून धरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्या प्रसंगी उपस्थित होते. अखेर तडजोड झाली ती अशी, की दलित कार्यकर्ते मडकेबुवा यांनी फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि त्याने ती मूर्तीला वाहावीत. तडजोड म्हणून ती लंगडीच होती. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ मंडपात उभे राहून विचारला गेला, हे महत्त्वाचे. त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, तो याच वादाच्या पार्श्वभूमीवर.

लालबागचा राजाही जागेच्या प्रश्नातूनच जन्माला आला. मंडळ सांगते त्या इतिहासानुसार पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला आणि कोळणी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस बोलला. जागा मिळाली, बाजार उभा राहिला आणि १९३४ मध्ये कोळ्याच्या वेशातली मूर्ती बसवण्यात आली. ‘नवसाचा’ हे बिरुद इथून आले. म्हणजे ज्यांना बसायला हक्काची जागा नव्हती अशांचा हा देव. आज त्याच्याच दारात कोणाला कितव्या जागी उभे करायचे यावरून वाद होतो.

त्याच सुमारास शेजारच्या गिरण्यांच्या फाटकांवर रोज पहाटे दुसरी गर्दी जमत असे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम मिळेल या आशेवर बदली कामगार ताटकळत उभे असत. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी, आणि जॉबरला खूश ठेवण्याचे मार्ग सर्वांना ठाऊक होते: रोख रक्कम, दारू, गावाकडचे नाते, जात. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक बदली कामगारांना कार्ड मिळाले आणि काम देताना त्यांना अग्रक्रम मिळू लागला. जॉबरचा हात त्यामुळे पुरता सुटला असे नाही. मालकांचा हेतू कामगारांची सोय करण्यापेक्षा त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचाही होता. तरीही हातात कार्ड असलेला माणूस ‘माझा हक्क आधी’ असे म्हणू शकत होता, आणि तोंडओळखीवर चालणाऱ्या फाटकावर हे वाक्य नवे होते.

रांग खऱ्या अर्थाने घराघरात शिरली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ येणे थांबले. गिरणगावातली निम्मी चूल कोकणातल्या माणसांची, म्हणजे भातावर जगणाऱ्यांची. धान्याच्या दुकानांपुढे पहाटेपासून माणसे उभी राहू लागली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग लागू झाले. कार्डावर माणशी ठरलेले धान्य, ठरलेले दुकान आणि त्या दुकानापुढे ‘क्यू’. हा शब्द मराठीत रुळला तो याच काळात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रांग लावणे हा इंग्रजांचा उपजत गुण आणि तो आपण त्यांच्याकडून उचलला, असे सर्रास सांगितले जाते. शिस्तीत उभा राहणारा इंग्रज ही प्रतिमाही बऱ्याच अंशी त्याच युद्धकाळात घडली. टंचाईत निमूटपणे वाट पाहणे ही तिथल्या सरकारी प्रचाराची गरज होती. लंडन आणि लालबाग एकाच वेळी रांगेत उभे होते. एकाच्या वाट्याला कौतुक आले, दुसऱ्याच्या वाट्याला ‘शिस्त नाही’ हा शेरा.

चाळीतील रांगेचे नियम कोणी लिहून ठेवले नाहीत, पण ते कायद्यापेक्षा कडक होते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या आणि शौचालये सामाईक. पाणी ठरावीक वेळी येई. अशा ठिकाणी माणसाच्या जागी वस्तू उभी राहते. हंडा, कळशी, बादली, शौचालयापुढे टमरेल. ‘नंबर लावणे’ हा मुंबईच्या मराठीतला प्रयोग शब्दशः खरा होता. माणूस घरात चूल पेटवत असे आणि त्याचा नंबर नळापाशी लागलेला असे. भांड्याला जागा होती, मात्र ती कायमची नव्हती. पाळी आली तेव्हा मालकीण हजर नसेल तर हंडा बाजूला सरकवला जाई. मागच्या बाईला सांगून गेलेली परत आपल्या जागी येऊ शके, न सांगता गेलेली नाही. घरात आजारी माणूस वा ओली बाळंतीण असेल तर पुढे जाऊ दिले जाई, पण विचारून. दोन हंड्यांच्या जागी चार लावणारीला चारचौघींत ऐकून घ्यावे लागे. नळावरची भांडणे हा मराठी विनोदाचा जुना विषय आहे. त्या भांडणांत न्यायनिवाडा चालतो हे मात्र विनोद करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात आले.

स्वातंत्र्यानंतर रांगा संपल्या नाहीत, वाढल्या. पहाटे आरेच्या दूध केंद्रापुढे, घासलेटच्या डब्यांसह रेशन दुकानापुढे, बेस्टच्या थांब्यावर. बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला वाहक चढू देण्याआधी प्रवासीच खाली उतरवत, आणि मुंबईकर या गोष्टीचा अभिमान बाळगी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, तेल दिसेनासे झाले आणि रांगेतल्या बायकांचा धीर सुटला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांचा राग रांग लांब आहे एवढ्यावरच नव्हता. पुढून माल संपला म्हणून सांगायचे आणि मागच्या दाराने तो विकायचा, यावर होता. ‘मागचे दार’ हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी शिवीसारखा येतो तो उगाच नव्हे.

एवढी पार्श्वभूमी असलेल्या वस्तीत देवाच्या दारातील रांग बिघडली कशी, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर संख्येत आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पुढच्या दोन दशकांत वाहिन्यांनी लालबागचा राजा घराघरात पोहोचवला. चाळीतील रांगेत प्रत्येकीला प्रत्येकीचे नाव ठाऊक असे. घुसणारीला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर यायचे असे. देशभरातून आलेल्या लाखोंच्या रांगेत कोणालाही कोणाचे तोंड पुन्हा पाहायचे नसते. भीड हा चाळीतील रांगेचा पहारेकरी होता आणि अनोळखी गर्दीत तो नाहीसा होतो. थीम पार्कपासून विमानतळापर्यंत सर्वत्र हेच घडते.

दुसरे उत्तर तिसऱ्या दारात आहे. अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ मध्ये रांग टाळण्याची फास्टपास नावाची सोय सुरू केली, ती तिकीटधारकांना विनामूल्य होती. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली आणि नेहमीचे पाहुणे संतापले. तरी तिथे निदान दर जाहीर असतो. लालबागला जे चालते त्याला दर नाही, त्याला वशिला म्हणतात, आणि वशिल्याचा फलक लावता येत नाही. वीस तास उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत एखादे कुटुंब बाजूच्या दाराने येऊन चरणांपाशी रेंगाळते. याच्या मानेवर मात्र हात पडतो आणि डोके टेकण्याआधी याला पुढे ढकलले जाते. रांग प्रामाणिक नाही हे एकदा कळले की ती पाळणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. मग तोही कोपर वापरतो, कोणाची तरी ओळख काढतो, पुढे उभ्या असलेल्या गाववाल्याला हाक मारून दोरीखालून आत शिरतो. मोठ्यांचा वशिला पाहून छोट्यांनी काढलेली ही छोटी आवृत्ती. तिला असंस्कृतपणा म्हणणे सोपे, पण तिचा उगम रांगेच्या शेपटाकडे शोधणे चूक आहे.

कार्यकर्त्यांचीही बाजू आहे. अखंड दिवसरात्र माणसांचा लोंढा सरकता ठेवणे हे त्यांचे काम, आणि एका माणसाने दहा सेकंद जास्त घेतले तर मागे किती दाब साचतो हे त्यांना दिसते. तरीही २०१३ मध्ये महिला भाविकांना झालेल्या धक्काबुक्कीची दृश्ये देशभर दाखवली गेली, २०१८ मध्ये कार्यकर्ते आणि पोलीस यांच्यातच जुंपली, आणि २०२५ मध्ये सामान्य व विशेष भाविकांतील भेदभावाची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगापर्यंत पोहोचली. लोकांच्या बेशिस्तीवर बोट ठेवून ही प्रकरणे संपत नाहीत.

गर्दीला शिस्त लागायला आधी जागा लागते, हे परळने २९ सप्टेंबर २०१७ रोजी भीषण रीतीने पाहिले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पावसामुळे एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर लोक थांबून राहिले, खालून नवे लोक चढत राहिले, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यांत बेशिस्त कोणाची शोधणार? गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले होते आणि पूल जुनाच होता.

लालबागहून थोड्याच अंतरावर, दादरला, याच शहरातील दुसरी मोठी रांग दरवर्षी ६ डिसेंबरला लागते. चैत्यभूमीकडे जाणारी ही रांग शिवाजी पार्कच्या आसपासच्या रस्त्यांवर दूरवर वळसे घेते. विदर्भ, मराठवाड्यातून रेल्वेने आलेली माणसे त्यात तासन्‌तास उभी असतात, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक ती राखतात. मान्यवर तिथेही येतात आणि त्यांच्यासाठी वेळ राखलेली असते. पण तिथे नवस फेडायचा नसतो, काही मागून घ्यायचे नसते. पुढच्या माणसाला आधी मिळाले म्हणून मागच्याचे काही कमी होत नाही. मैदानातले पुस्तकांचे गाळे हा या यात्रेचा दुसरा मुक्काम. दादरच्या काही रहिवाशांना या दिवशी फक्त कचरा आणि गर्दी दिसते. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर नंबर नव्हता, त्यांची ही रांग आहे, हे दिसायला बोलेंचा ठराव आठवावा लागतो.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत लालबागला मूर्तीच बसवली गेली नाही. १९३४ पासूनची परंपरा प्रथमच खंडित झाली. मंडळाने त्याऐवजी आरोग्योत्सव घेतला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे भरवली. पुढच्या वर्षी चार फुटांची मूर्ती आली आणि दर्शन फक्त पडद्यावर झाले. त्या दोन वर्षांत मुखदर्शनाची रांग नव्हती, नवसाची नव्हती आणि बाजूचे दारही बंद होते. २०२२ मध्ये निर्बंध उठले, राजा पूर्ण उंचीने परत आला, आणि त्याच्यामागोमाग तिन्ही वाटा पुन्हा सुरू झाल्या.