दख्खनमधील नळयोजना आणि जलदाबाचे गणित : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नळातील प्रवाहाचे प्रमाण कळले की त्यावरून दाब काढता येतो, असा समज आढळतो. वस्तुतः आरंभीची पातळी, नळाची लांबी, व्यास आणि आतील खडबडीतपणा ठाऊक असल्याशिवाय हे गणित पुरे होत नाही. नाशिक शहरात गंगापूर धरणाचे पाणी उंच जलकुंभांतून वितरित होते. सकाळी सर्व नळ एकाच वेळी सुरू झाले की प्रवाह वाढतो, घर्षणात दाब खर्ची पडतो आणि टोकाच्या घरी बारीक धार येते. दख्खनमधील जुन्या नळयोजनांपुढे मात्र दाबाच्या अतिरेकाचाही प्रश्न होता.

नहर आणि मनोरे :
मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत (नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरीने पाणी आणले. पुढे पाणचक्कीची नहर हरसूलकडून आली. तिच्यात खापरी नळ वापरले गेले. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब देतो. असा दाब वाढत गेल्यास खापरी नळांचे सांधे निखळण्याचा धोका असे. यावरील उपाय म्हणजे वाटेतील बांधीव मनोरे. पाणी मनोऱ्यात वर चढे, उघड्यावर येई, कोंडलेली हवा निघून जाई आणि पुढच्या नळावर केवळ त्या मनोऱ्याच्या पातळीपासूनचाच दाब येई. इस्तंबूलमध्ये अशाच मनोऱ्यांना ‘सू तेराझिसी’, म्हणजे पाण्याचा तराजू, म्हणतात.

सिद्धान्ताची वाटचाल :
दाब व वेग यांचा संबंध मांडणारा डॅनियल बर्नुली यांचा ग्रंथ १७३८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर्षणाचा व्यवहार्य हिशोब वाइसबाख व दार्सी यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शक्य झाला. खळाळत्या प्रवाहात प्रमाण दुप्पट झाल्यास दाबाची हानी सुमारे चौपट होते, हे त्यातून आगाऊ सांगता येऊ लागले.

निष्कर्ष :
नहरीच्या कारागिरांना ही सूत्रे अवगत होती, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल; मनोऱ्यांना केवळ हवेची छिद्रे मानणेही तितकेच अपुरे आहे. दाब किती येईल याचे भाकीत करण्याऐवजी त्यांनी बांधकामानेच त्याला मर्यादा घातली. लगतच्या दोन मनोऱ्यांतील जलपातळीचा फरक हा मधल्या नळातील दाबहानी दर्शवतो. त्याला लांबी, व्यास व खडबडीतपणाच्या अंदाजाची जोड दिल्यास नहरीतून किती पाणी वाहत असावे, हे आजही काढता येईल. म्हणून असा प्रत्येक मनोरा हे एक ऐतिहासिक साधन आहे. मोजमाप न घेता तो पाडला गेल्यास त्या टप्प्याचा हिशोब कायमचा हरवतो.